कुड्याचं सत्त्व

रत्नागिरीत आमचे जेवढे म्हणून नातलग होते, त्यांत माझ्या आतोबांनी ज्याला कुड्याचा काढा पाजला नाही असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. शाळेत शास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि कुड्याच्या मागे लागले. आव झाली की कुड्याची साल उगाळून ताकातून द्यावी, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. आतोबांचं तेवढ्यावर भागेना. "साल म्हणजे नुसतं लाकूड रे," ते म्हणत, "गुण आहे तो आतल्या सत्त्वात. पांढरं, साखरेच्या कणीसारखं. पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळतं. आवेच्या जंतूंचा काळ." हे त्यांनी मला पालीच्या एका लग्नात ऐकवलं, आणि खात्री पटावी म्हणून खिशातली साल काढून वरबापाला चाटायला लावली. त्या गृहस्थांना पुढची बासुंदी गोड लागली नाही.

घरी तर प्रलयच होता. सालीची पूड चुन्यात कालवायची, स्पिरिटात भिजत घालायची, गाळून उन्हात आटवायची. "एक पातेलं धड राहिलेलं नाही हो," आत्या म्हणायची, "शिरासुद्धा कुड्यासारखा कडू लागतो." तीन वर्षांनी बाटलीच्या तळाशी चिमूटभर कण जमले. ते आतोबांनी आधी स्वतः घेतले. दोन रात्री झोप नाही, हातांना कंप. "गुण दिसतोय," असं त्यांनी वहीत लिहिलं; अक्षर मात्र मुंग्या धावल्यासारखं.

त्या पावसाळ्यात मालगुंडला आमच्या घरी मला आव लागली. रक्त पडू लागलं, उठवेना. डॉक्टर रत्नागिरीत, आणि खाड्यांवरच्या होड्या बंद. डॉक्टरांना पाठवा म्हणून बायकोने रत्नागिरीला पायी जाणाऱ्या माणसाबरोबर आतोबांना निरोप धाडला, तर निवळीवरून लांबच्या वाटेने दोन दिवस चिखल तुडवत आतोबाच दारात उभे. डॉक्टरांना निघता येत नव्हतं. आतोबांच्या कनवटीला ती बाटली होती.

"द्या ना ते तुमचं सत्त्व," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

"नको गो. ते मी फक्त माझ्यावर पाहिलंय. ह्याच्यावर नाही पाहायचं."

मग पावसात जाऊन त्यांनी ताजी साल काढून आणली, सहाणेवर उगाळली आणि चार दिवस ताकातून मला पाजली. माझी भरलेली धोतरं विहिरीवर नेऊन स्वतः धुतली. बायको पुढं झाली तर तिच्यावर डाफरले. पाचव्या दिवशी मी पेज मागितली, तेव्हा ते निघून गेले.

दिवाळीला आमच्याकडे माझ्या सासुरवाडीची माणसं आली होती, आतोबाही होते. भर ओटीवर आतोबांनी मोठ्याने विचारलं, "काय रे, शौचाला बांधून होतं ना?" मी तडकलो. "आतोबा, चार माणसांत हे विचारायचं असतं का?"

"राहिलं," ते म्हणाले, आणि उपरणं सारखं करत बसले.

पुढं ते दोन वर्षं होते. भेटले की पावसाचं बोलायचे, आंब्याच्या मोहराचं बोलायचे. माझ्या प्रकृतीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.