पाण्यासारखं होईपर्यंत

आमचे वडील पोटानं गेले, असं आमच्या घरात सांगतात. पोटात काय झालं होतं, हे कुणी सांगत नाही. मी तेव्हा तिशीत होतो. दवाखान्याच्या कागदावरचा शब्द मी वाचला होता, धाकट्या भावानंही वाचला असणार, पण घरात तो कुणी उच्चारला नाही. आईसमोर तर नाहीच. आणि आई गेल्यावर सवय मोडावी असं काही घडलं नाही. वडील तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

गेल्या दिवाळीत मला शौचाला रक्त दिसलं, तेव्हा मला एकसष्टावं चालू होतं. मी त्याला मूळव्याध म्हणालो आणि तीन महिने तेच म्हणत राहिलो. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. कुठलीही गोष्ट ठरल्या कप्प्यात सरकवली की तिचा त्रास संपतो, हा त्या नोकरीनं लावलेला रोग. शेवटी बायकोनंच एक दिवस पायखान्यात डोकावून पाहिलं आणि मला सांगलीला नेलं.

त्या दवाखान्याच्या दर्शनी भागात पाणी नसलेलं कारंजं होतं आणि उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. पाटीवर मान्यवरांची नावं इतकी मोठी होती की दवाखान्याचं नाव त्यांच्या खाली अंग चोरून उभं होतं. डॉक्टर मात्र तरुण आणि साधा. त्यानं आतड्याची तपासणी दुर्बिणीतून करायची म्हणून सांगितलं, सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली आणि हातात एक पुस्तिका ठेवली. मुखपृष्ठावर समुद्रकाठी हसणारं गोरं म्हातारं जोडपं होतं. त्यांचं पोट बहुधा साफ झालेलं होतं.

आत लिहिलं होतं ते असं : तीन दिवस बिया, साली, पालेभाजी, कोंड्याचं धान्य खायचं नाही. आदल्या दिवशी फक्त पाणी, शहाळं, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. मग पुडीतली पावडर दोन लिटर पाण्यात कालवून निम्मी संध्याकाळी आणि निम्मी पहाटे प्यायची. आतडं स्वच्छ नसेल तर गाठ नजरेतून सुटू शकते, असं एक वाक्य ठळक अक्षरांत होतं. बाकीची पुस्तिका मी एकदा वाचली, हे वाक्य रोज.

निवृत्तीनंतर आम्ही गावी, आष्ट्याला राहायला आलो होतो. तिकडे परत येताना मी बायकोला बजावलं की कुणाला बोलायचं नाही. भावाला तर मुळीच नाही. तो लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, मळ्यात राहतो, आणि दवाखान्याचं नाव काढलं की त्याला पेन्शन कापल्यासारखं वाटतं.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. शाळू भरलाय, आगटी लावलीय, दोघंही या. हुरड्याला नाही म्हणायचं तर आमच्याकडे कारण तसंच भक्कम लागतं. आणि माझ्याकडे होतं ते सांगायचं नव्हतं. नुसतं जाऊन बसू, खायचं नाही, असं ठरवून गेलो.

आगटीत, शेणीच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजत होती. भाऊ गरम कणीस हातावर चोळायचा, फुंकर मारून तूस उडवायचा आणि हिरवे दाणे थेट माझ्या तळहातावर ओतायचा. ताटात वाढलेलं बाजूला सारता येतं. हातावर ओतलेलं कुठं सारणार? बायको मध्ये पडली, ह्यांना पित्त झालंय म्हणाली. त्यावर भावानं हुरडा हा पित्तावर उतारा कसा आहे ते सांगितलं आणि आणखी एक कणीस चोळलं.

"आण्णा, साताऱ्याला ऱ्हाऊन पार नाजूक झालायसा," तो म्हणाला. "दाणं मोजून खाताय व्हय?"

मी खरंच मोजून खात होतो. पहिली मूठ खाल्ली, मग दुसरी, मग लसणाच्या चटणीबरोबर किती ते मला आठवत नाही. चव चांगली होती, हेही कबूल करायला हवं. घरी आल्यावर बायकोनं पुस्तिका उघडून माझ्यासमोर ठेवली आणि ठळक वाक्यावर चष्मा ठेवला.

रविवारचा दिवस शहाळ्यावर काढला. भुकेचं काही वाटलं नाही. भूक लागायला पोटात जागा लागते, तिथं दुसरंच काही बसलं होतं. सहा वाजता बायकोनं पावडर कालवली. चव लिंबाची, असं पुडीवर छापलं होतं. खारट, गुळमट, जिभेला तेलासारखं चिकटणारं असं ते पाणी होतं, आणि लिंबाचा वास त्यावर हार घालून बसवलेल्या पाहुण्यासारखा होता. दर पंधरा मिनिटांनी एक पेला. तिसऱ्या पेल्याला मळमळलं. बायको म्हणाली, नाक धरा. मी नाक धरलं. एकसष्टाव्या वर्षी बायकोसमोर नाक धरून पेला रिकामा करणाऱ्या माणसाला ऐट कसली राहणार?

तासाभरानं सुरू झालं ते थांबेना. पोटात कळ नव्हती, वेळही नव्हता. जायचं आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. मी पायखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. प्रत्येक वेळी उठून पाहायचो. आधी रक्त आहे का ते, मग रंग. चौथ्या की पाचव्या खेपेला भांड्यात हिरवट दाणे दिसले. अख्खेच्या अख्खे, भावानं चोळून दिले तसे.

बाकीचे दाणे कुठं असतील? ते जिथं चिकटले असतील, नेमकी तिथंच ती गाठ असेल, डॉक्टर दाणे बाजूला सारायला जाईल आणि ती राहून जाईल, मग मला सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवतील. वडिलांनाही सुरुवातीला असंच ठीक आहे म्हणून घरी पाठवलं होतं. हे मला तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता पायखान्यात उभं राहून आठवलं.

दवाखान्यात फोन लावला. नर्सबाईंनी काय खाल्लं होतं विचारलं. मी हुरडा म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "पुस्तिका दिली नव्हती का तुम्हाला?"

"दिली होती."

"वाचता येतं ना, काका?"

ग्रंथपालाला हे कुणी प्रथमच विचारत होतं. मी येतं म्हणालो. मग त्यांनी समजावलं, की पहाटेचा डोस पूर्ण घ्या, वर साधं पाणी भरपूर प्या, आणि पाण्यासारखं होईपर्यंत थांबू नका. तसं झालं नाही तर तपासणी होणार नाही, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पहाटेचे पेले मी नाक न धरता प्यायलो. भीती जास्त झाली की चव लागत नाही, असं दिसतं. आठच्या सुमारास भांड्यातलं पाणी पिवळसर, नितळ झालं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिनं वाकून नीट पाहिलं आणि मान हलवली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण इतक्या एकमतानं आम्ही क्वचितच काही पाहिलं असेल.

भाड्याच्या गाडीत टॉवेल अंथरून बसलो. कारखान्यांचा हंगाम होता. उसाच्या जोडट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. एका ट्रॅक्टरवर कर्णा लावून गाणी चालली होती आणि तो कुणाला बाजू देत नव्हता. ड्रायव्हर त्याला शिव्या देत होता. मी दोन्ही हातांनी सीट धरून समोरच्या उसाच्या मोळ्या बघत होतो, आणि पोट आवळून मनात एकच चाललं होतं : त्यांना काय सापडणार?

सुई टोचल्यावरचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा बायको शेजारी होती आणि डॉक्टर समोर उभा होता. त्यानं सांगितलं, साफ झालं होतं, सगळं दिसलं. आतल्या अस्तराला मांसाचे दोन कोंब होते. लहान होता तो काढला. मोठाही काढला, पण त्याचं रूप काही ठीक वाटलं नाही, म्हणून तो तपासायला पाठवतोय. आठ दिवसांनी कळेल.

मग त्यानं विचारलं, "वडील कशानं गेले?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "कॅन्सरनं," मी म्हणालो. "आतड्याच्या."

"भावंडं?"

"एक भाऊ."

"त्यांचीही तपासणी करून घ्या. तक्रार असो वा नसो."

दर्शनी भागातल्या बाकावर बसून भावाला फोन लावला. मी सरळ सांगितलं : कुठं आहे, काय केलं, काय निघालं, वडिलांचं काय होतं. त्याच्या मळ्यातली मोटर सुरू असल्याचा आवाज येत होता. तुझीही तपासणी करायचीय, असं म्हटल्यावर तो मोटरीपासून लांब गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"आण्णा," तो म्हणाला, "मलाबी रगत जातंय. गेल्या साली ऊस तुटला तवापास्नं."

मी विचारलं, कुणाला सांगितलंस का. कुणाला सांगू, तो म्हणाला. लय न्हाई, कवा कवा जातंय. आणि मग, "आबांचं आसंच हुतं न्हवं?"

मी हो म्हणालो.

बायकोला गाडीकडे पाठवलं आणि भावाची वेळ घ्यायला नोंदणीच्या खिडकीशी गेलो. अजून डोकं जड होतं, काउंटरचा कठडा धरावा लागला. मागं दहाबारा माणसं उभी होती. पलीकडच्या मुलीनं नवीन पेशंट का विचारलं, वय विचारलं, नातं विचारलं. मग तक्रार काय, म्हणाली. मी हळू सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही, तिनं पुन्हा विचारलं.

"शौचातून रक्त जातं," मी मोठ्यानं म्हणालो. "वर्ष झालं. आमच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता."

मुलीनं मान वर न करता लिहून घेतलं. जवळात जवळची वेळ शुक्रवारची होती. ती घेतली, पुडी घेतली, पुस्तिका घेतली. माझा रिपोर्ट त्यानंतर तीन दिवसांनी यायचा होता.