उजवीकडचं काळीज

"तारा उलट्या लागल्या बहुतेक," म्हणत रऊफभाईंनी पहिली पट्टी फाडून टोपलीत टाकली. दुसरी काढली, तीही तशीच आली. तेव्हा मात्र ते ती घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, इस बार मैंने देखके लगाया. सब बराबर है."

हिंगोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी तेव्हा फिजिशियन होते. रऊफभाई ईसीजी काढायचे. ईसीजी म्हणजे हृदयात फिरणाऱ्या विजेचा कागदावर उमटलेला माग. हातांच्या तारांची अदलाबदल झाली की पहिली ओळ उलटी येते. हे आमच्याकडे नेहमीचंच. पण मग छातीवरच्या ओळी तरी ठीक येतात. इथं त्याही पुढे पुढे विझत गेल्या होत्या. नवं मशीन आपणहून निदानही छापायचं. त्यानं छापलं होतं: जुना हार्ट अटॅक.

मुलगी जेमतेम बाविशीची. संगीता, साखरा गावची. शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली होती. सोमवारी शाळेत हजर व्हायचं, तर फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

आमचे अधीक्षक दारातूनच म्हणाले, "अनफिट लिहा. उद्या वर्गात काही झालं तर सही कुणाची?"

"माझीच, सर. म्हणून थोडा वेळ द्या."

चैत्रातली दुपार होती. हिरव्या पडद्यामुळे खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड होता. पंखा सावकाश फिरत होता. मी तिच्या छातीवर डावीकडे स्टेथोस्कोप ठेवला. ठोके फार लांबून आले, शेजारच्या घरात कुणी हळूहळू काही कांडत असावं तसे. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

"मॅडम, तिकडं न्हाई," ती हळूच म्हणाली. तिनं तळवा उजव्या बाजूला ठेवला. "इकडं हाय."

तिकडे स्टेथोस्कोप नेला आणि ठोके एकदम जवळ आले. स्वच्छ, दमदार.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"लहानपणापासून. उजव्या कुशीवर झोपलं की उशीत वाजतंय. मैतरणींचं डावीकडं, पुस्तकातबी डावीकडं. मला वाटायचं, माझं काळीज रात्री फिरायला जातंय अन् परतताना वाट चुकतंय."

कोपऱ्यात बसलेली तिची आई ताडकन उठली. "काहून सांगितलंस? कुणाला बोलू नको म्हणलं व्हतं न्हाई का! आता नोकरीबी गेली अन् सोयरीकबी!"

मी त्या माउलीला खाली बसवलं आणि संगीताला एक्स-रेला पाठवलं. तोवर रऊफभाईंना सांगितलं, "आता छातीच्या तारा उजवीकडे लावायच्या. अन् हातांच्या मुद्दाम उलट्या."

"मुद्दाम?" ते माझ्याकडे बघतच राहिले. पण तिला परत आणल्यावर त्यांनी तशा लावल्या. कागद सरकत बाहेर आला. पुस्तकात छापावी अशी पट्टी! मशीननं वर लिहिलं: नॉर्मल.

एक्स-रे मी अधीक्षकांपुढे उजेडात धरला.

"फिल्म उलटी धरलीय तुम्ही," ते म्हणाले.

"कोपऱ्यातलं आर अक्षर बघा, सर. सरळ आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हृदयाचं टोक उजवीकडे होतं. जठरातली हवाही उजवीकडे. आरशात दिसावी तशी सगळी मांडणी. काही माणसं जन्मतःच अशी असतात. हृदय धडधाकट असलं तर काही बिघडत नाही.

"फाइलला कुठली पट्टी लावणार?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. कुठली कशी काढली ते लिहून."

सर्टिफिकेटवर माझ्या सहीखाली त्यांनीही सही केली.

आईनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली. "लेकराला तकलीफ न्हाई ना?"

"नाही."

"अन् लगीन?"

"त्याला कुठली बाजू लागते, मावशी?"

ती पदर तोंडाला लावून हसली. संगीता हसली नाही. तिला मी स्टेथोस्कोप दिला होता. तो कानाला लावून, डोळे मिटून ती आपलंच काळीज ऐकत बसली होती. रऊफभाईंना पुढचा पेशंट घ्यायचा होता, पण तिला उठवायला कुणी गेलं नाही.

सोमवारी ती औंढ्याकडच्या एका शाळेत हजर झाली. याआधीही दोन ठिकाणी तिचा ईसीजी निघाला होता, हे त्या दिवशी निघताना तिनं मला सांगितलं. दोन्ही वेळा चुकला म्हणून फाडला गेला. म्हणून तर तिच्या हृदयाची कुठंच नोंद नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: चुकलेली पट्टी फाडायची नाही, नाव घालून ठेवायची. पुढे अशा पट्ट्यांनी एक अख्खी फाइल भरली. त्या सगळ्या खरोखरच तारा चुकल्याच्या निघाल्या. तरी नियम बदलला नाही.