मारियाचा कप कुठे असतो

गुरुदासबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. आज तो गेला म्हणून मी खोटं बोलणार नाही.

डिचोलीच्या आमच्या ऑफिसात तो पेडण्याहून यायचा. त्याची खुर्ची कुणी वीतभर सरकवली, तर ती जागेवर येईपर्यंत हा उभाच.

मी जाईचा गजरा माळून आले की नाक दाबायचा. "सुलभा, वास येतो. काढ."

भर मे महिन्यात पंखा बंद करायचा, का तर आवाज सोसत नाही! साहेबांनाही तोंडावर सांगितलं होतं, "तुमचं भाषण कंटाळवाणं होतं."

माझी नात आता अशा मुलांना शिकवते. ती म्हणते, "आजी, त्याला ऑटिझम असणार गं."

आमच्याकडे तेव्हा एकच शब्द होता. पिसो, म्हणजे वेडा.

चहाचे कप मात्र तोच मांडायचा. लांब टेबलावर, ज्याचा कप त्याच्या जागी, सगळ्यांचे कान उजवीकडे. माझ्या शेजारी माझ्या मैत्रिणीचा, मारियाचा.

मग गोवा घटक राज्य व्हायच्या आधीचं ते भाषेचं भांडण पेटलं, राजभाषा मराठी की कोंकणी. मी मराठीवाली, मारिया कोंकणीवाली. एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही, एकमेकींचं तोंड बघेनाशा झालो. ऑफिसात सरळ दोन टोळकी झाली.

मारिया आपला कप घेऊन खिडकीशी जायची. गुरुदास उठायचा, तो तिच्या हातातून काढून माझ्या शेजारी आणून ठेवायचा.

"तुका कितें पडलां रे?" ती ओरडायची.

"मारियाचो कप हांगा आसता."

रोज हेच! एक दिवस त्या ओढाताणीत गरम चहा तिच्या फ्रॉकवर सांडला.

झालं. दोन्ही टोळकी पहिल्यांदाच एकमतानं साहेबांकडे गेली. ह्याला बदली करून वास्कोला पाठवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई पेडण्याहून आली. आम्हां दोघींसमोर हात जोडले.

"बायांनो, वास्कोक धाडलो तर तो घरांतल्यान भायर सरचो ना गो." नव्या जागी जायला तो घराबाहेरच पडणार नाही, म्हणत होती.

मारिया उठली. खिडकीतला कप उचलला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. माझे डोळे भरून आले.

मग दोघी मिळून केबिनमध्ये गेलो.

"ताका हांगाच रावूं दिया, सर," ती म्हणाली. "चहा माझ्याच अंगावर सांडलाय. माझी तक्रार नाही."

गुरुदास राहिला. थँक्यू म्हणाला असेल? छे! मारियाच्या कपाचा कान तेवढा सरळ केला.

भाषेचं पुढे जे व्हायचं ते झालं. माझी मैत्रीण मला राहिली, ती त्याच्या हट्टामुळे. हे त्याला कधी सांगितलं असतं तर म्हणाला असता, "चहा थंड होतो."

आज आम्ही दोघी पेडण्याला गेलो. मारियाचे गुडघे गेलेत, तरी आली.

शेजाऱ्यांनी चहा आणला. तो तसाच थंड होत होता.

मारियानं आपला कप बाकावर माझ्या शेजारी ठेवला. कान उजवीकडे फिरवला. आणि ओक्साबोक्शी रडली.

जा बाबा गुरुदास, शांतपणे जा.

मारियाचा कप जागेवर आहे.