नळाला हात लावणारे भावजी

मुक्ता, कान जरा जवळ आण, पिळायचा आहे. थीसिस द्यायची वेळ आली, लॅपटॉप अडकतोय, म्हणून मेमरी मागवलीस आणि तिकडे त्सुकुबात एकटीच बसवणार? तेही लोकरीचा स्वेटर घालून? तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसले. आज भावजी इथे असते तर त्यांनी तुला आधी नळाकडे पिटाळलं असतं.

भावजी म्हणजे इथे हिगाशी-कसाईला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे ते. पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. बिल्डिंगमधली जपानी पोरं त्यांना ‘मेमरी-ओजिसान’ म्हणायची, मेमरीकाका. कुणाचाही लॅपटॉप उघडायचा झाला की हा माणूस आधी स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावणार. मला वाटे, तहान लागली असेल. मी पेला भरून द्यायची, ते मुकाट्याने प्यायचे. पुष्कळ दिवसांनी म्हणाले, “वहिनी, तहान नाही हो. इथला हिवाळा कोरडा, अंगात वीज साठते. दाराच्या कडीला चटका बसतो ना? तो मेमरीला बसला तर ती गेली. नळाला हात लावला की उतरते.”

“मग पाणी का पिता?”

“तुम्ही देता म्हणून.”

पण लगेच मेमरी वाढवून देतील तर शपथ. “भरलीय का ते आधी बघू,” हे ठरलेलं. शेजारची प्राजक्ता हटूनच बसली होती, मेमरी वाढवूनच द्या म्हणून. भावजींनी बघितलं, तिची निम्मी रिकामी. माझ्या वीतभर ओट्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले, “वहिनी भाजी चिरायला पिठाचा डबा कपाटात टाकतात, पीठ मळायला पुन्हा काढतात. यांचा ओटा वाढवला तर काम झटक्यात होईल. पण ओटा रिकामाच असेल तर वाढवून पोळी लवकर भाजते का?” मग तिच्या घरी जाऊन फ्रिजमागचं वाय-फायचं खोकं उचलून टेबलावर ठेवलं, अडकत होतं ते इंटरनेट, आणि गेले.

माझा लॅपटॉप मात्र काठोकाठ भरलेला निघाला. तेव्हा तुझी आजी, माझी ताई, अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी व्हिडिओवर बघायची मी तिला. मधेच तिचा चेहरा थिजायचा आणि माझा जीव उडायचा. हे कॉम्प्युटरचं, की तिचं?

भावजींनी मेमरी बसवली, बटण दाबलं. पडदा काळा. ताईच्या फोनची वेळ झालेली. भावजी उठले, पुन्हा नळाला हात लावून आले. मी सवयीने पाणी दिलं, ते प्यायले. मग ती मेमरीची पट्टी काढून पुन्हा नीट दाबली. टक्. “पूर्ण बसलीच नव्हती, वहिनी.” त्या संध्याकाळी ताईने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि मला ते सलग दिसलं. ती होती तोवर पुन्हा कधी थिजली नाही.

कंपनीचं काम संपलं आणि भावजी पुण्याला परतले. निघताना बॅगा दाराशी ठेवून आत आले, नळाला हात लावला.

“आज काय उघडायचंय?” मी विचारलं.

“काही नाही,” म्हणाले, “पाणी द्या.”

तर मुक्ता, आधी थीसिसची प्रत दुसरीकडे काढून ठेव. मेमरी खरंच भरतेय का ते बघ. तुझ्या लॅपटॉपात ती बदलता येते का तेही बघ, काहींत जखडलेलीच असते म्हणे. आणि उघडू मात्र नकोस. इकडे घेऊन ये, रविवारची वाट बघू नकोस. नळ आहे, मी आहे. पेला भरून ठेवते, ये गं.