पुण्याजवळचा दवाखाना

माझी बायको कायरोप्रॅक्टर आहे. म्हणजे पाठीचे, मानेचे मणके हातांनी वठणीवर आणते. मलाही आणते, पण त्यासाठी तिला हात लागत नाहीत. गेल्या वर्षी तिचं उजवं मनगट सुजलं. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जोडीला कोणी घ्या, नाहीतर दवाखाना बंद करा. बावीस वर्षांचा दवाखाना. ती दोन दिवस माझ्याशीसुद्धा भांडली नाही, तेव्हा मी घाबरलो.

नोकरीच्या संकेतस्थळावर जाहिरात टाकायचं काम मी अंगावर घेतलं. गावातल्या सगळ्या समारंभांचं निवेदन मीच करतो, शब्दांची मला काय कमी? लिहिलं: ‘पुण्याजवळील नामांकित केंद्रास सहयोगी कायरोप्रॅक्टर हवेत. आकर्षक वेतन, उज्ज्वल भविष्य.’

महिनाभराने एकच तरुण आला. सोलापूर स्टेशनवर उतरला तोच घामाघूम. रिक्षात त्याने विचारलं, इथून पुणे किती? मी म्हणालो, गाडीत झोप लागली तर कळतही नाही. तो संध्याकाळच्या गाडीने झोपायला परत गेला.

बायकोने मला पेशंटच्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांदेखत जाहिरात मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली, आवाजात चढउतार आणून. कोणी टाळी वाजवली नाही.

“यात नोकरी कुठाय?” ती म्हणाली. “मी नोकरी शोधत असते तर काय विचारलं असतं, ते लिही.”

मग ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. गाव सोलापूर. दिवसाला पेशंट किती, त्यातले नव्या डॉक्टरच्या वाट्याला किती, पहिले दोन महिने शिकवणार कोण, स्वतंत्र टेबल कधी मिळणार, पगार नेमका किती, सुट्टी कोणती. ‘नामांकित’ खोडताना माझा जीव तुटला. होटगीचे एक निवृत्त रेल्वे गँगमन मानेचा पट्टा सावरत म्हणाले, “ऊन लई हाय, तेबी लिवा की. मागनं भांडान नको.” तेही लिहिलं. शेवटी ती म्हणाली, लिही, माझं मनगट गेलंय म्हणून माणूस हवंय. मी हात जोडले. रंगमंचावर कोणी आपली कमजोरी आधी सांगतं का? तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच टाइप केलं.

पंधरा दिवसांत विजापूरकडच्या एका मुलीचा फोन आला. तिने पुण्याचं नावही काढलं नाही. तिला एकच शंका होती: मॅडमचा हात असा असताना त्या शिकवणार कशा?

“तोंड शाबूत आहे माझं,” बायको म्हणाली. याला मी साक्षीदार आहे.

मुलगी आली. पहिला पेशंट तेच होटगीचे गँगमन आजोबा. बायको हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि नुसती बोलत राहिली: अंगठा खाली घे, त्यांना श्वास सोडू दे, आता. मुलगी आजोबांशी कानडीत बोलत होती, त्यांनाही ते आवडलेलं दिसलं. कट्ट असा आवाज झाला.

आजोबा उठले. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, “बाई, तुमी बसा आता.”

आणि ती खरंच बसली. मी प्रसंगाला साजेसे दोन शब्द बोलायला घसा साफ केला, तर तिने डोळ्यांनीच मलाही बसवलं. बसलो, आणि किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू.