अण्णांची एन्जिओ आणि माझं मराठी

आमच्या अण्णांचा जीव मराठी भाषेमुळे जाणार होता, आणि ती भाषा त्यांच्यापर्यंत मी पोचवली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, व्यवसायाने चळवळ्या. (उत्पन्न: टाळ्या.) तेव्हा आमची मोहीम जोरात होती. गुलाबी कागदावर पत्रक काढलं होतं: 'डॉक्टर, मराठीत बोला! आमचं शरीर, आमची भाषा! प्रश्न विचारा! धोके विचारा!' छापखानेवाला म्हणाला, "भाऊ, उद्गारचिन्हं जरा कमी करा." मी म्हणालो, "अन्याय कमी झाला का?" पत्रक स्टँडवर लागलं, पिठाच्या गिरणीवर लागलं, अण्णांच्या हवेच्या टाकीवरही लागलं.

माझा राग खोटा नव्हता. आजही नाही. माणूस स्वतःच्याच छातीचा रिपोर्ट घरी आणतो आणि टीव्हीच्या मागे ठेवून देतो, कारण त्यात काय लिहिलंय ते त्याला कुणी सांगतच नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे!

त्यातच अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. ट्रकचं चाक उतरवताना घाम फुटायचा, मग ते टायरवर बसून राहायचे. गावातल्या डॉक्टरने जालन्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांचा चेहरा थोडा उतरला आणि ते म्हणाले, "अण्णा, एन्जिओ करावी लागेल. उद्याच या."

"बराबर," अण्णा म्हणाले आणि खुशीत उठले. खुशीत, कारण आमच्याकडे एन्जिओ म्हणजे मान! सखामामाच्या चहाच्या टपरीवर ज्याची एन्जिओ झाली त्याला बाकड्यावर जागा मिळते, बाकीचे उभे. अण्णा इतकी वर्षं उभेच होते.

आणि इथे मी टेबलावर हात आपटला.

"थांबा डॉक्टर! पेशंटला कळेल असं सांगा."

"मला कळलं की रे," अण्णा म्हणाले.

"न्हाई कळलं अण्णा. तुम्हाला वाटून राह्यलं, कळलं."

डॉक्टर भले माणूस. बाहेर रांग असताना त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं. मनगटाच्या नसेत सुई घालायची. त्यातून तारेवरून एक बारीक नळी वर सारत सारत थेट हृदयाच्या तोंडापर्यंत न्यायची. मग औषध सोडून फोटो काढायचे.

"मी झोपेत असंल ना?" अण्णांचा आवाज बारीक झाला.

"नाही, जागे असाल."

मी विजयी मुद्रेने पत्रकातला पुढचा मुद्दा काढला. "आणि धोका?"

"फार क्वचित," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "जीवही जाऊ शकतो."

अण्णांनी चपला घातल्या. मी बिल देऊन बाहेर येईपर्यंत ते रिक्षात बसले होते.

घरी जाहीर झालं: एन्जिओ बंद! "ट्यूबमदी तार घुसली की ट्यूब बाद," अण्णा म्हणाले. "हे मला कोन्या डाक्टरनं शिकवायचं न्हाई."

"अण्णा, हृदय म्हणजे ट्यूब न्हाई."

"मंग काय हाय? सांग!"

हे विचारायला नको होतं. मी दुकानाच्या शटरवर खडूने हृदय काढलं. नळ्या काढल्या, त्यात साचलेली चरबी काढली, नळी बंद झाली तर काय होतं तेही बाणाने दाखवलं. हायवेचे ट्रकवाले गाडी थांबवून बघायला लागले. एकाने विचारलं, "इंजिन कोणत्या कंपनीचं?" अण्णांनी मात्र त्या बाणाकडे एकदाच बघितलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मग दुकान उघडेना. अण्णा जेवेनात. बाजेवरून उठून पाण्याच्या माठापर्यंत जायचे आणि मधेच उभे राहायचे, छातीवर हात ठेवून, कुणी हाक मारल्यासारखे. आई भाकरी थापता थापता फक्त माझ्याकडे बघायची. एक दिवस बोलली.

"लोकायला काय सांगू रे? अटॅकनं गेले का समजावून सांगितल्यानं गेले?"

शहागडहून आत्या आली. ती तर दारातूनच ओरडली, "कुठंय तो शिकल्याला? त्याच्या नाकातून घाला मनावं तार!"

शेवटी आई सखामामाला घेऊन आली. मामा बाजेवर टेकला आणि पान लावत म्हणाला, "काय अण्णा, एन्जिओ कधी हाय?"

"त्याच्यात नळी घालतेत म्हणं. काळजापोत्तर."

"घालत असतेन."

"तुला घातली न्हवती?"

"कोन्हाला मालूम! मी इचारलंच न्हाई. पडलो, उठलो, इडली खाल्ली."

अण्णा कोपरावर उठले. "इडली देतेत?"

"देतेत की. चटणीसंगं."

अण्णा बाजेवरून पाय खाली सोडून बसले. मग आईला म्हणाले, "माझा धुतल्याला पायजमा काढ." माझ्याकडे बोट दाखवलं. "पन ह्यो आत येनार न्हाई."

त्यामुळे मी बाहेर. दवाखान्याच्या हिरव्या बाकड्यावर मी आणि आई. दार बंद. आईच्या हातात अण्णांच्या चपला होत्या. आत नेऊ दिल्या नव्हत्या, आणि तिला त्या खाली ठेवाव्याशा वाटत नव्हत्या. त्या चपलांकडे बघवेना म्हणून मी खिशात हात घातला, तर पत्रक निघालं. प्रश्न विचारा! धोके विचारा!

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. चेहरा तसाच, थोडा उतरलेला. मला बघून थबकले.

"हां, तुम्ही. थांबा, सगळं नीट मराठीत सांगतो."

मी पत्रक पाठीमागे लपवलं.

"साहेब," मी म्हणालो, "इंग्रजीत सांगा ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दया येऊन सगळं इंग्रजीत सांगितलं. मला 'स्टेंट' कळलं आणि 'टुडे' कळलं. मी मान हलवली. "बराबर," म्हणालो. डॉक्टर आत गेले.

"काय म्हनले रे?" आईने चपला छातीशी धरल्या.

"काही न्हाई. एन्जिओचंच पुढचं काम हाय. आजच करून टाकतेत."

"धोका बिका?"

पत्रक मी चुरगाळून मुठीत धरलं.

"मी इचारलंच न्हाई."