हितेंद्रचं सर्व्हिसिंग

माझा चुलतभाऊ हितेंद्र चिंचपोकळीला, स्टेशनजवळच्या आमच्याच चाळीत राहतो आणि स्वतःला टेक्निकल माणूस म्हणवतो. दुसरं कुणी म्हणत नाही. त्याच्या हातून परत आलेला मिक्सर एकतर फिरत नाही, नाहीतर थांबत नाही. पण ‘रिपेअर’ म्हटलं की याला राग येतो. ‘सर्व्हिसिंग म्हण,’ असं नाकाने कांदे सोलत सांगतो. त्याचे वडील, आमचे अप्पा, मिलमध्ये फिटर होते. त्यांच्याकडून मशीन दुरुस्त करायला हा शिकला नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा कशी करायची, तेवढं मात्र पाठ केलं.

अशा माणसाच्या हाती मॉड आंटीने प्रोजेक्टर दिला. मॉड हे तिचं नाव; समोरच्या बैठ्या घरात एकटी राहते, ऐंशीच्या पुढे गेलेली. तिचा नवरा झेवियर गल्फमधून येताना फिल्मचा छोटा कॅमेरा आणि घरी सिनेमा दाखवायचा हा प्रोजेक्टर घेऊन आला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेरा कायम त्याच्याच हातात असायचा, त्यामुळे रिळांत सगळं गणगोत आहे आणि तो स्वतः नाही. फक्त एका रिळाच्या सुरुवातीला, दुसऱ्या कुणीतरी कॅमेरा धरला असताना, तो गोराईच्या वाळूतून चालत येतो.

“फोटो हाय रे भिंतीवर,” आंटी मला म्हणाली. “पण तो चालायचा कसा, तेच आठवत नाय. एकदा बघू दे मला.”

मी म्हटलं, आधी रीळ बाहेर देऊन कॉपी करून घेऊ. हितेंद्र लगेच फुगला. “का? माझ्यावर भरोसा नाय?” आंटी बिचारी भिडस्त. नको म्हणाली कॉपी.

मग या दीडशहाण्याने पलंगावर चादर पसरून थाट मांडला. प्रोजेक्टरच्या आतल्या पट्ट्याचं रबर वितळून डांबर झालं होतं, ते खरवडून काढलं आणि शिलाई मशीनचा पट्टा चढवला. भिंगं स्पिरिटने पुसली. ज्या फटीतून फिल्म दिव्यासमोर सरकते, ती मऊ ब्रशने लख्ख केली. एवढं काम नीट केलं, मान्य. पण नीट केलेलं काम तसंच राहू देईल तर तो हितेंद्र कसला!

खंडेनवमी उजाडली. “मुहूर्त आहे, आजच दाखवू,” म्हणाला. आंटीच्या खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. मी खुर्च्या आणायला घरी गेलो, तेवढ्यात याने मशीनला हार घातला, गंध लावलं आणि ती फट उघडून आत ओलं कुंकू आणि अक्षता चिकटवल्या. का, तर अप्पा मिलमध्ये चालत्या भागालाच कुंकू लावायचे, मान त्याचा. लूम बंद असताना लावायचे आणि पुसून मगच चालू करायचे, हे मात्र याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दिवा लागला. वाळू दिसली, आणि लांबून पँट दुमडलेला एक माणूस यायला लागला. आंटी खुर्चीतून अर्धी उठली. त्याचा चेहरा दिसायच्या आतच फिल्म अडकली. झेवियरच्या पायाशी तपकिरी फोड आला आणि पसरत गेला. दिवा बंद करायचं सोडून हितेंद्र फिल्म ओढत बसला. ओढावी तेवढी जळत गेली, उरलेली फाटली. मी बटण बंद करेपर्यंत तो तुकडा संपला होता. त्या रिळात पुढे नुसता समुद्र आणि कुणाचं तरी कुत्रं होतं.

फट उघडली तर कुंकवाच्या चिखलात तांदळाचा दाणा.

“देवाची मर्जी, आंटी,” हितेंद्र म्हणाला.

“देवाला कशाला मधे आणतो?” आंटी म्हणाली. “तांदूळ तू टाकलास.”

बाहेर आल्यावर मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो मात्र हात पुसत म्हणाला, “सर्व्हिसिंग एकदम परफेक्ट होतं रे. पुढच्या वेळी अक्षता नको. नुसतं कुंकू लावू.”